पाब्लो मानलापित : उसाच्या मळ्यातील माणसांचा वकील



दरवर्षी १ मे रोजी आपण कामगार संत योसेफ यांचा सण साजरा करतो. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली हा सण ख्रिस्तसभेला दिला. सुताराच्या घरात वाढलेल्या प्रभू येशूची आठवण ठेवून कष्टाचा मान राखावा, हा त्यामागचा हेतू. या सणाच्या निमित्ताने अशा एका माणसाची ओळख करून द्यावी असे आम्हाला वाटते, जो संत नव्हता आणि ज्याच्या हातून चुकाही झाल्या. पण ज्याने उसाच्या मळ्यात राबणाऱ्या आपल्या बांधवांसाठी तुरुंग आणि हद्दपारी सोसली. त्यांचे नाव पाब्लो मानलापित. हवाई बेटांवरच्या फिलिपिनो लोकांमध्ये हे नाव आजही आदराने घेतले जाते.

मानलापित यांचा जन्म १७ जानेवारी १८९१ रोजी फिलिपिन्समधील बातांगास प्रांतातल्या लिपा या गावी झाला. स्पेनच्या तीनशेहून अधिक वर्षांच्या राजवटीत हा देश कॅथलिक झाला होता. त्याच वर्षी, म्हणजे १५ मे १८९१ रोजी, तिकडे रोममध्ये पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. कामगाराचे श्रम म्हणजे बाजारातला माल नव्हे, मजुरी इतकी असावी की कामगाराचा आणि त्याच्या घरच्यांचा नीट निर्वाह व्हावा, आणि कामगारांना आपली संघटना उभारण्याचा हक्क आहे, ही शिकवण त्यात आहे. लिपा गावातले ते तान्हे मूल आणि हे परिपत्रक यांची कधी गाठ पडली की नाही, कोण जाणे. पण परिपत्रकात जे कागदावर होते, त्यासाठी या मुलाला पुढे आयुष्यभर झगडावे लागले.

१८९८ साली फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात गेला आणि त्याच वर्षी हवाई बेटेही अमेरिकेने आपल्या राज्याला जोडली. हवाईची सारी श्रीमंती उसावर उभी होती. मळेवाल्यांनी आधी चिनी, मग जपानी, पोर्तुगीज, कोरियन असे मजूर आणले. जपानी मजूर संघटित होऊ लागले आणि पुढे जपानमधून मजूर येणेही अवघड झाले, तेव्हा मळेवाल्यांच्या संघाने फिलिपिन्सकडे नजर वळवली. २० डिसेंबर १९०६ रोजी 'डोरिक' नावाच्या जहाजातून पहिले पंधरा फिलिपिनो मजूर होनोलुलू बंदरात उतरले आणि ओलाआ येथील मळ्यावर गेले. १९४६ पर्यंत अशा मजुरांची संख्या सव्वा लाखाच्या घरात गेली. त्यांना 'सकादा' म्हणत. भरती करणारे दलाल माणसाच्या तळहाताला घट्टे आहेत का, हे तपासून घेत. शिकलेला माणूस त्यांना नको असे, कारण शिकलेला माणूस प्रश्न विचारतो.

मळ्यावरचे जीवन कसे होते? पहाटे भोंगा वाजे. दहा तास ऊस तोडायचा, मोळ्या खांद्यावर वाहायच्या. घोड्यावर बसलेला मुकादम लक्ष ठेवून असे. त्याला तिथे 'लुना' म्हणत. राहायला कंपनीची घरे. जपान्यांची वस्ती वेगळी, पोर्तुगीजांची वेगळी, फिलिपिनोंची वेगळी. वस्त्या वेगळ्या म्हणून मजुरीही वेगळी आणि मनेही वेगळी. प्रत्येक मजुराला धातूचा एक बिल्ला मिळे, त्याला 'बांगो' म्हणत. त्या बिल्ल्यावर नंबर असे. पगार त्या नंबरावर, कंपनीच्या दुकानातली उधारी त्या नंबरावर, हाकही त्याच नंबराने. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरूने पाणी ओतताना ज्याला नाव दिले होते, तो माणूस मळ्यावर आकडा झाला.

बंधू-भगिनींनो, ऊस आपल्याला नवा नाही. दिवाळीच्या सुमारास आपल्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला आपण 'कोयता' म्हणतो. म्हणजे दोन माणसे मिळून एक हत्यार. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांची सुटका नसते. हवाईची ही हकीगत वाचताना ही माणसे डोळ्यांपुढे ठेवावीत, एवढीच आमची विनंती आहे.

मानलापित १९१० साली, विशीच्या उंबरठ्यावर, हवाईला आले आणि मोठ्या बेटावरच्या हामाकुआ किनाऱ्याच्या मळ्यात कामाला लागले. मळ्यावर त्यांचे फार काळ जमले नाही. काही वर्षांतच ते मळा सोडून हिलोला आणि तिथून होनोलुलूला गेले. मिळेल ते काम केले. एका वकिलाच्या कचेरीत झाडलोट करता करता ते कायद्याची पुस्तके वाचू लागले. १९१२ साली ॲनी कॅस्बी या तरुणीशी त्यांचा विवाह झाला होता. संसार सांभाळून अभ्यास चालू राहिला. १९१९ साली त्यांना जिल्हा न्यायालयात वकिली करण्याची सनद मिळाली. हवाईत वकील झालेल्या अगदी पहिल्या फिलिपिनोंपैकी ते एक. आता मळ्यावरचा मजूर आपली तक्रार आपल्याच भाषेत आपल्याच माणसाला सांगू शकत होता.

त्या काळात फिलिपिनो लोकांच्या जीवनात मंडळांना फार महत्त्व होते. बहुतेक मजूर तरुण आणि एकटे होते. घरची बाईमाणसे समुद्रापलीकडे. आजारपणात पाणी द्यायला कोणी नाही, मेल्यावर मातीला कोणी नाही. म्हणून एकाच गावचे, एकाच भाषेचे लोक एकत्र येत, पगाराच्या दिवशी वर्गणी काढत आणि त्यातून एखाद्याच्या औषधाचा, एखाद्याच्या अंत्यविधीचा खर्च भागवत. ३० डिसेंबरला डॉ. होसे रिझाल यांची पुण्यतिथी ते सगळे मिळून पाळत. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरही 'काबालेरोस दे दिमास-आलांग' आणि 'लेजिओनारिओस देल त्राबाहो' अशी बंधुमंडळे उभी राहिली. त्यांचे काही विधी फ्रीमेसन पद्धतीचे होते आणि ख्रिस्तसभेला ते मान्य होण्यासारखे नव्हते. तरीही आपण एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. परक्या देशात मरणाऱ्या माणसाला आपली शवपेटी कोण उचलणार याची खात्री हवी होती. ती खात्री ज्याने दिली, त्याच्या दारात तो गेला. यात दोष एकट्या त्याचाच होता का?

परंतु मानलापित यांच्या लक्षात एक गोष्ट आली. वर्गणीने शवपेटी मिळते. मजुरी वाढत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांतून दया आणि न्याय यांतला फरक आपल्यापुढे येतो. दयेने आपण आपल्याजवळचे दुसऱ्याला देतो. न्यायाने आपण दुसऱ्याचे जे आहे ते त्याला देतो. उपाशी मजुराला भाकरी देणे ही दया, आणि त्याच्या घामाचे दाम त्याला वेळेवर आणि पूर्ण देणे हा न्याय. न्याय थकवून दया करणे म्हणजे एका हाताने घेणे आणि दुसऱ्या हाताने थोडे परत करणे. संत याकोबही आपल्या पत्रात थकवलेल्या मजुरीविषयी धनवानांना कठोर शब्दांत सुनावतो. मानलापित यांनी १९१९ साली फिलिपिनो कामगार संघटना उभी केली, ती या न्यायासाठी.

पहिली कसोटी लगेच आली. १९ जानेवारी १९२० रोजी ओआहू बेटावरील फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला. १ फेब्रुवारीला जपानी मजूरही त्यांना येऊन मिळाले. दिवसाला ७७ सेंट मजुरी मिळत होती, ती सव्वा डॉलर करा, ही मागणी होती. सुमारे ८,३०० मजूर संपावर होते. मळेवाल्यांनी त्यांना घरांतून बाहेर काढले. बायकामुलांसह बारा हजारांवर माणसे रस्त्यावर आली. त्यातच फ्लूची साथ पसरली. या धामधुमीत मानलापित यांचा पायही डळमळला. फेब्रुवारीत त्यांनी संप मागे घेतल्याचे जाहीर केले आणि काही दिवसांतच पुन्हा संपात सामील झाले. यामुळे जपानी पुढाऱ्यांचा त्यांच्यावरचा विश्वास उडाला. जुलैच्या आरंभी संप संपला तो हार पत्करूनच.

दुसरा कोणी खचला असता. १९२२ साली मानलापित यांनी जॉर्ज राइट या कामगार पुढाऱ्याबरोबर वाढीव मजुरीची चळवळ सुरू केली. दिवसाला दोन डॉलर मजुरी आणि आठ तासांचे काम, या मागण्यांच्या अर्जावर हजारो मजुरांच्या सह्या आणि अंगठे घेतले. मळेवाल्यांनी अर्जाची दखल घेतली नाही. तेव्हा १ एप्रिल १९२४ रोजी संप सुरू झाला. एका मळ्यावरून दुसऱ्या मळ्यावर, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर तो हळूहळू पसरत गेला आणि आठ महिने चालला. या वेळी जपानी मजूर बरोबर नव्हते. फिलिपिनोंमध्येही दुफळी होती. मध्यभागातील बेटांवरून आलेले विसाया मजूर संपावर आणि उत्तरेकडून नव्याने आणलेले इलोकानो मजूर कामावर, असे चित्र अनेक ठिकाणी दिसू लागले. दोघेही एकाच देशाचे, एकाच ख्रिस्तसभेची लेकरे, दोघांच्याही घरी पवित्र मरियेची तसबीर; पण भाषा वेगळी म्हणून एक दुसऱ्याचा वैरी झाला.

याचा परिणाम भयंकर झाला. काउआई बेटावरच्या हानापेपे गावात संपकऱ्यांनी दोन इलोकानो तरुणांना पकडून आपल्या छावणीत ठेवले. त्यांना सोडवायला ९ सप्टेंबर १९२४ रोजी पोलीस बंदुका घेऊन आले. तरुण सुटले, पण परत निघताना बाचाबाची झाली आणि बघता बघता तिचे रक्तपातात रूपांतर झाले. एका बाजूला बंदुका, दुसऱ्या बाजूला ऊस तोडायचे कोयते आणि थोडी पिस्तुले. सोळा संपकरी आणि चार पोलीस ठार झाले. शंभराहून अधिक संपकऱ्यांना अटक झाली आणि साठ जणांना चार-चार वर्षांची शिक्षा झाली. मेलेल्या मजुरांना एका चरात पुरण्यात आले. मानलापित त्या दिवशी तिथे नव्हते. पण ज्या संपाचे ते पुढारी होते, त्या संपात आपल्याच दोन मुलांना डांबून ठेवले गेले, हे सत्य त्यांच्या चरित्रातून पुसता येत नाही. न्यायासाठी उठलेला हात दुबळ्या भावावर पडला की न्यायाचेच नुकसान होते.

त्याच सुमारास मानलापित यांच्यावर खोटी साक्ष देण्यास लोकांना प्रवृत्त केल्याचा खटला भरण्यात आला. संपातल्या एका कुटुंबाच्या मूल दगावण्याशी या खटल्याचा संबंध होता. त्यांना दोन ते दहा वर्षांची शिक्षा झाली. या खटल्याबद्दल पुढे अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. १९२७ साली त्यांची सुटका झाली, ती हवाई सोडून जाण्याच्या अटीवर. बायकामुलांना मागे ठेवून ते कॅलिफोर्नियात गेले आणि तिथल्या शेतांवर राबणाऱ्या फिलिपिनोंना संघटित करू लागले.

१९३२ साली ते हवाईला परतले. आंतोनिओ फागेल आणि एपिफानिओ ताओक यांच्याबरोबर त्यांनी जुनी संघटना पुन्हा बांधायला घेतली. १९३४ साली एका माजी सैनिकाकडून ठरलेल्यापेक्षा जास्त फी घेतल्याच्या आरोपावरून त्यांना दोषी ठरवण्यात आले आणि १९३५ साली त्यांना फिलिपिन्सला जावे लागले. या वेळची ताटातूट कायमची ठरली. कुटुंब हवाईतच राहिले आणि हा संसार पुन्हा जुळला नाही. लोकांसाठी झिजणाऱ्या माणसाच्या घरातली माणसेही त्याची किंमत मोजतात. आपण पुढाऱ्याच्या गळ्यात हार घालतो, तेव्हा त्याच्या दारात वाट बघणाऱ्या मुलांचा विचार क्वचितच आपल्या मनात येतो.

मानलापित गेले, पण पेरलेले बी मातीत होते. १९३७ साली माऊई बेटावरील पुउनेने येथे फागेल यांच्या 'विबोरा लुविमिंदा' या संघटनेने संप केला. लुविमिंदा या नावात लुझोन, विसाया आणि मिंदानाओ या फिलिपिन्सच्या तिन्ही भागांची पहिली अक्षरे आहेत. हानापेपेचा धडा जणू त्या नावातच लिहिलेला होता. तरीही तो संप एकट्या फिलिपिनोंचाच होता. खरा बदल महायुद्धानंतर झाला. १९४६ साली मळेवाल्यांनी सहा हजार नवे सकादा आणले. आलेला संप मोडायला ते उपयोगी पडतील असा हिशेब होता. पण गोदी आणि मळ्यांच्या कामगार संघटनेची माणसे जहाजावरच त्यांना भेटली आणि हवाईच्या भूमीला पाय लागण्याआधीच त्यांतले पुष्कळजण संघटनेचे सभासद झाले. १ सप्टेंबर १९४६ पासून जपानी, फिलिपिनो, पोर्तुगीज असे सारे मिळून सुमारे २६,००० मजूर एका वेळी संपावर गेले. संप ७९ दिवस चालला आणि मजूर जिंकले. वस्त्या वेगळ्या ठेवून मने वेगळी ठेवण्याची जुनी युक्ती त्या वर्षी निकामी झाली.

हा विजय झाला तेव्हा मानलापित हजारो मैल दूर, फिलिपिन्समध्ये होते. १९४९ साली ते हवाईला येऊन गेले, पण तिथे कायमचे राहणे त्यांना शक्य झाले नाही. १९५२ साली हवाईचे गव्हर्नर ओरेन लाँग यांनी त्यांना माफी दिली. ज्यांच्यासाठी त्यांनी लढा दिला, त्यांना तोवर दवाखाना, सुट्टी अशा गोष्टी मिळू लागल्या होत्या. १५ एप्रिल १९६९ रोजी फिलिपिन्समध्ये त्यांचे निधन झाले.

आज हवाईत उसाचे ते मळे उरलेले नाहीत. शेवटचा साखर कारखाना, पुउनेने येथील, २०१६ साली बंद झाला. पण सकादांची नातवंडे-पतवंडे आहेत. १९९४ साली बेन कायेतानो हे फिलिपिनो स्थलांतरिताचे पुत्र हवाईचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. वाइपाहू गावात, जुन्या साखर कारखान्याच्या परिसरात, २००२ साली फिलिपिनो समाजकेंद्र उभे राहिले. २० डिसेंबर हा दिवस सकादा दिवस म्हणून पाळण्याचा कायदा २०१५ साली झाला. पगाराच्या दिवशी काढलेल्या वर्गणीपासून निघालेली ही वाट इथवर आली आहे.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. हानापेपेला मारले गेलेले मजूर नेमके कुठे पुरले आहेत, हेच कोणाला ठाऊक नव्हते. चरावर ना क्रूस, ना नाव. सकादांच्या वंशजांनी आणि अभ्यासकांनी शोध चालू ठेवला. २०१९ साली जमीन न खणता आतले दाखवणाऱ्या यंत्राने दफनभूमीची पाहणी झाली, तेव्हा त्या चराची शक्य असलेली जागा सापडली. २०२४ साली या घटनेला शंभर वर्षे झाली, तेव्हा लोक त्यांच्या स्मरणासाठी जमले. शंभर वर्षांनी कोणीतरी येऊन नावे शोधावीत, हा आम्हाला मृतांसाठी केलेल्या प्रार्थनेचाच एक प्रकार वाटतो.

आता आपल्याकडे वळू या. संघटना, संप, मजुरी हे विषय मंदिरात कशाला, असे आपल्यातल्या काहींना वाटते. ही शंका आम्हाला समजते. वेदीवरून पक्षाचे राजकारण होऊ नये, हे खरेच आहे. पण मजुराचा न्याय हा पक्षाचा विषय नाही, तो आपल्या श्रद्धेचा विषय आहे. तेराव्या लिओंनी तो १८९१ साली ख्रिस्तसभेच्या शिकवणीत पक्का केला आणि २०२५ साली निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेताना त्याचीच आठवण करून दिली. प्रभू येशूच्या दाखल्यातला द्राक्षमळ्याचा धनी दिवसभर बाजारात जाऊन कामाविना उभ्या असलेल्या माणसांना शोधतो आणि शेवटी आलेल्यालाही दिवसाचा निर्वाह होईल इतके देतो. तो धनी कोणाला नंबराने हाक मारत नाही.

आपल्या गावाबाहेर कोप्या टाकून राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबांतल्या किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत? टोळीतली मुले सहा महिने शाळेबाहेर राहतात. त्यांपैकी एकाचे तरी नाव आपल्या तोंडी आहे का? कारखान्याला ऊस देणारे, ट्रॅक्टर चालवणारे, मुकादमाशी व्यवहार करणारे आपल्या धर्मग्रामातही आहेत. तोडणाऱ्याचा हिशेब चोख होतो का, आजारी पडलेल्या बाईला त्या दिवशी कोयता हाती धरावा लागतो का, हे त्यांना पाहता येते. आपली मुले आखातात कामाला जातात, तिथल्या चर्चमध्ये फिलिपिनो बांधवांच्या शेजारी गुडघे टेकतात. परक्या देशात आपल्या मुलाला कोणी नावाने ओळखावे, असे आपल्याला वाटते ना? मग आपल्या दारात आलेल्या परक्यालाही ते वाटत असणार.

म्हणून आम्ही एक साधी विनंती करतो. येत्या हंगामात टोळ्या उतरतील, तेव्हा आपल्या प्रत्येक विभागातून दोन-तीन जणांनी कोप्यांवर जावे. कपडे आणि खाऊ जरूर न्यावे. ती दया आहे. पण त्याबरोबर एक वही न्यावी आणि नावे लिहून आणावीत : कुटुंबाचे नाव, गाव, मुलांची वये, त्यांची शाळा. त्या नावांवरून मुलांच्या शाळेची आणि आजाऱ्यांच्या औषधाची व्यवस्था कशी लावायची, हे आपण सर्व मिळून ठरवू. त्या नावांसाठी मिस्सामध्ये प्रार्थनाही करू. ती माणसे कोणत्या धर्माची, कोणत्या जातीची, हे त्या वहीत लिहिण्याची गरज नाही.

कामगार संत योसेफ आपल्या सर्वांसाठी विनंती करोत आणि घाम गाळणाऱ्या प्रत्येक हातावर प्रभूचा आशीर्वाद राहो.

आपले धर्मगुरू